पाच फूट नऊची पँट

लुडेल प्रिवेटच्या शिवणखोलीत तंबाखू थुंकायची नाही, हे टॅलो लेक क्रेन्सच्या प्रत्येक मॅनेजरला पहिल्याच दिवशी कळायचं. एकाला कळलं नाही. त्याने तिच्या कचऱ्याच्या डब्यात पिंक टाकली, आणि पुढचे दोन महिने त्याच्या शर्टाला वरून तिसरं बटण काही लागलं नाही. तो रोज विचारायचा, ती रोज म्हणायची, शोधतेय. शेवटी त्याने स्वतः डबा धुऊन आणून दिला, तेव्हा संध्याकाळच्या आत बटण सापडलं.

अशी बाई. वय सदुसष्ट, अंगाने किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात, आणि तोंडात कायम बर्फाचा खडा, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती आणि फ्लोरिडातला जुलै म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच विचारा. एकतीस वर्षं ती क्रेन्सचे गणवेश शिवत, उसवत, रफू करत होती. नवरा डेल्बर्ट त्याच मैदानाचं गवत राखायचा. तो गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घर नावापुरतं, खरा संसार त्या खोलीत.

क्रेन्स म्हणजे काही मोठा बेसबॉल संघ नव्हे. मोठ्या क्लबच्या अगदी खालच्या पायरीवरचा, अठरा-वीस वर्षांच्या होतकरू पोरांचा संघ. इथून वर चढायला चार पायऱ्या, आणि शंभरातली चारसुद्धा पोरं वरपर्यंत पोचत नाहीत. लुडेलला मोठ्या क्लबच्या हारजितीशी काडीचं घेणं नव्हतं. ती आपल्या पोरांवर लक्ष ठेवायची. तिच्या सुईखालून गेलेला कोण कुठल्या पायरीवर आहे, काल किती खेळला, हे ती रोज सकाळी भिजवलेले शेंगदाणे सोलत वर्तमानपत्रात बघायची. शिवणखोलीची एक भिंत जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांनी भरलेली होती, आणि त्यांवर पेन्सिलीने प्रत्येकाचं नाव, कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप आणि तारीख. वर पोचलेल्यांच्या नावाखाली रेघ. एकतीस वर्षांत रेघा अकरा.

मग ते यंत्र आलं.

बेसबॉलमध्ये फलंदाजासमोर एक न दिसणारी चौकट असते. जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या रुंदीची, खाली गुडघ्यापासून वर पोटाच्याही जरा वरपर्यंत. चेंडू चौकटीतून गेला आणि फलंदाजाने सोडला तर स्ट्राइक. अशा तीन झाल्या की तो बाद. बाहेरून गेला तर बॉल, आणि असे चार झाले की फुकटात पहिल्या तळावर. ही चौकट दीडशे वर्षं पंचाच्या डोळ्यांत होती, आणि पंचाला शिव्या घालणं हा लोकांचा हक्क होता. आता मैदानाभोवती खांबांवर कॅमेरे बसले. पंच निर्णय देतो, पण फलंदाजाला, चेंडू फेकणाऱ्या पिचरला किंवा फलंदाजामागच्या कॅचरला तो पटला नाही तर त्याने तिथल्या तिथे डोक्यावर हात मारायचा. की फलकावर चित्र येतं, एक चौकट आणि एक चेंडू, आणि यंत्र म्हणेल ते खरं. अशी दाद मागायच्या संधी संघाला दोन. दाद बरोबर निघाली तर संधी शाबूत, चुकली तर गेली.

लुडेल यंत्रावर चिडलेली नव्हती, हे आधी सांगून टाकतो. मैदानातले निम्मे म्हातारे चिडले होते. ती म्हणाली, पंचही चुकतात, चुकायचे कमी झाले तर बरंच आहे. तिच्या टेबलावरचं शिवणयंत्रही विजेवरच चालत होतं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी येरलिन तेहेदा आला. डोमिनिकन, बानी गावचा, एकोणीस वर्षांचा, ताडमाड. बाकीची पोरं मार्चमध्येच आली होती. ह्याचा व्हिसा अडकला होता. त्याच्यासाठी मागवलेल्या पँट्स आल्या त्या घोट्याच्या वर चार बोटं. लुडेलने दुमड सोडली, मागच्या बाजूला जोड दिला. जूनमध्ये पुन्हा अर्धा इंच सोडली. पोरगं अजून वाढतच होतं. तो तिला दोन्या म्हणायचा, तिकडे मोठ्या बाईला म्हणतात तसं, आणि आत येताना टोपी काढायचा. एवढ्यावर लुडेल कोणालाही आपला म्हणायची.

ह्या पोराची ख्याती एकाच गोष्टीची होती: नजर. बानीत लहानपणी ते बाटल्यांची झाकणं फेकून खेळायचे, झाडूच्या दांड्याने. चौकटीबाहेरच्या चेंडूला तो हात लावत नसे. क्लबने त्याला सोळाव्या वर्षी घेतलं ते त्या नजरेपायी. आणि इथे आल्यापासून त्या नजरेचाच बोजवारा उडालेला. गुडघ्याखालून गेलेला चेंडू तो सोडायचा, पंचही बॉल म्हणायचा, आणि मागचा कॅचर डोक्यावर हात मारायचा. फलकावर चेंडू चौकटीच्या खालच्या रेघेला चिकटलेला. स्ट्राइक. उलट कधी पंचाने खालच्या चेंडूला स्ट्राइक दिली आणि येरलिनने दाद मागितली की ती फुकट. चौदा वेळा मागितली, बारा वेळा हरला. महिन्याभरात ही बातमी सगळ्या संघांत पसरली: तेहेदाला खाली टाका आणि डोक्यावर हात मारा.

मॅनेजर हॉलिस ट्रॅमेलने त्याला हेल्मेटला हात लावायचीच बंदी केली. कान खाजला तरी खाजवायचा नाही म्हणाला, आणि पोरं हसली. जुलैत नव्या भरतीची पोरं येतात, तेव्हा जुन्यांतून कोणाला तरी जागा रिकामी करावी लागते. यादी सोमवारी जायची होती आणि तेहेदाचं नाव तिच्यात होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी क्लबची वरची बाई, खेळाडूंची प्रमुख कोरिन मॅब्री, शेवटचं एकदा बघायला येणार होती. म्हणजे पोराच्या हातात एक सामना.

बुधवारी तो लुडेलच्या स्टुलावर बसला होता. ती तिसऱ्यांदा त्याची दुमड सोडत होती. तो हळूच म्हणाला, "दोन्या, तो चेंडू खाली होता."

असं एकतीस वर्षं प्रत्येकजण तिला सांगत आला होता. बाद झालेल्या एकाही पोराला चेंडू कधी चौकटीत दिसलेला नाही. तिने नेहमीसारखं हं केलं. पण हातात कापड होतं, आणि तिची बोटं थांबली. आतल्या शिवणीवर कारखान्याची चिठ्ठी असते, कोणत्या मापावर पँट बेतली त्याची. त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, उंची पाच फूट नऊ. तिने एप्रिलमध्येही ती वाचली होती आणि कारखान्याला शिवी देऊन सोडून दिली होती. आता तिने पोराला उठवून दाराला टेकवलं आणि टेप लावला. सहा फूट दीड इंच.

कारखान्याला माप कळवतो क्लब. क्लब ते काढतो फाइलीतून. त्याच फाइलीतून यंत्रालाही कळवतात, कारण चौकट प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे वरखाली होते, हे तिला माहीत होतं. मार्चमध्ये तिच्याच खोलीबाहेर पोरांची रांग लागली होती. अनवाणी, भिंतीला पाठ, आणि तेही सकाळी दहा ते बाराच्या आतच, कारण दुपारनंतर माणूस उंचीला खचतो म्हणे. जो मार्चमध्ये नव्हता त्याला कोणी मोजलंच नाही. येरलिनचा आकडा सोळाव्या वर्षाचा होता.

लुडेल टेप गळ्यात तसाच ठेवून जिना चढली. वर काचेच्या खोलीत प्रेस्टन बसायचा, मोठ्या क्लबने पाठवलेला आकडेवाला. पोरगा वाईट नव्हता, पण माणसापेक्षा तक्त्याकडे बघून बोलायचा. तिने सगळं सांगितलं.

"यंत्राची चूक वाटाण्याएवढीही नसते, मिस लुडेल," तो म्हणाला.

"यंत्र चेंडू मोजतं. पोरगा कोणी मोजला?"

प्रेस्टनने फाइल उघडली. पाच-नऊ. मग तो जे बोलला ते ऐकून तिला त्याच्या डोक्यात बर्फाची बादली ओतावीशी वाटली. म्हणाला, उंचीच्या बाबतीत बेसबॉलमध्ये सगळेच खोटं बोलतात. आणि हे खरंच होतं. सामन्याच्या पुस्तिकेत प्रत्येकजण दोन इंच वाढवून छापलेला असतो, त्यामुळे तिथे उंचीचा आकडा ऐकला की लोक गालात हसून पुढे जातात. आता यंत्र आल्यापासून तीच पोरं मोजताना गुडघे वाकवतात, कारण बुटक्याची चौकट लहान. म्हणून लीगने नियम कडक केला: एकदा नोंदलेला आकडा बदलायचा तर अर्ज, चौकशी, तीन आठवडे. वर प्रेस्टन म्हणाला, उंची वाढवून मागणारी तुम्ही पहिल्याच. लीगला वाटेल, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे.

"फरक तरी किती पडतो?" त्याने विचारलं आणि स्वतःच हिशेब केला. चौकटीची खालची रेघ सव्वा इंच वर जायला हवी होती, वरची त्याच्या दुप्पट.

"सव्वा इंच," लुडेल म्हणाली. "माझ्याकडून सव्वा इंच चुकला असता तर एकतीस वर्षांत पोरं उघडी फिरली असती."

मग ती हॉलिसकडे गेली. हॉलिस तिला घाबरून असायचा, पण त्या दिवशी त्याचंही डोकं फिरलेलं होतं, लागोपाठ पाच हारी. तो म्हणाला, ज्याला सोमवारी घरी पाठवायचंय त्याची उंची मोजून मी काय करू, पडदे शिवू? लुडेल काही न बोलता निघाली. ती गप्प बसली की समजावं, आता काही खरं नाही. तिला नुसता राग आला नव्हता, तिला लाज वाटत होती. कापड तीन महिने तिच्या हातात होतं.

शुक्रवारी तिने येरलिनला बोलावून काय करायचं ते सांगितलं, आणि विचारलं, लोक तुला हसतील, चालेल का.

"हसतातच आहेत, दोन्या. तीन महिने झाले."

शनिवारी दुपारी एक वाजता क्रेन्स मैदानात उतरले. आठ जण नीटनेटके, आणि नववा येरलिन तेहेदा. पँट पोटरीच्या खाली कुठेतरी संपलेली, धड जुन्या फॅशनची आखूड नाही, धड आताची लांब नाही. बुडाशी अशी ताणलेली की वाकायची चोरी. शर्ट खोचलेला राहीना, बाह्या कोपराच्या वर. अख्खं मैदान हसलं. शेंगदाणेवाला हसला, पलीकडचा संघ आपल्या बसायच्या जागेच्या, डगआउटच्या, कठड्यावर लोंबकळून हसला. येरलिन ताठ उभा राहिला, टोपी छातीशी धरून, राष्ट्रगीत संपेपर्यंत. इतका ताठ तो त्या मोसमात एकदाही उभा राहिलेला नव्हता.

हॉलिस धावत शिवणखोलीत आला. ही काय थट्टा चालवलीय, त्याला दुसरी पँट द्या, म्हणाला.

"बाकीच्या दोन्ही भिजत घातल्यात."

"मिस लुडेल, वरची बाई बाहेर बसलीय. माझी अब्रू जाईल."

"मी काही नवं केलेलं नाही, हॉलिस. तुझ्या फाइलीवरून आली होती तशी परत करून दिली. माझे टाके तेवढे काढून घेतले. तुझ्या यंत्राला तो जेवढा दिसतो तेवढाच तुला दिसतोय."

येरलिनला बसवावं तर बाई त्यालाच बघायला आलेली. हॉलिस पाय आपटत परत गेला, आणि त्याच्या मागोमाग लुडेल. एकतीस वर्षांत सामना चालू असताना ती कधी खोलीबाहेर आली नव्हती. ती थेट प्लेटमागच्या पहिल्या रांगेत गेली, कोरिन मॅब्रीच्या शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि बसली.

कोरिनने वळून बघितलं. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. लुडेलने सांगितलं ते तिने मध्ये न बोलता ऐकलं. मग म्हणाली, चालू सामन्यात आकडा बदलता येत नाही, लीगचं कार्यालय सोमवारी उघडतं, आज त्याला त्याच चौकटीत खेळावं लागेल.

"खेळू दे की," लुडेल म्हणाली. "तू फलकाकडे बघू नकोस. त्याच्या गुडघ्याकडे बघ."

पहिल्या खेपेला येरलिनने दोन चेंडू सोडले. पंच दोन्ही वेळा बॉल म्हणाला. कॅचरने दोन्ही वेळा डोक्यावर हात मारला, दोन्ही वेळा जिंकला. तिसराही तिथेच. येरलिनने सोडला, तो बाद झाला. दुसऱ्या खेपेला तेच. तो हेल्मेटला हात लावत नव्हता, कुरकुर करत नव्हता, पंचाकडे बघतही नव्हता. बाद झाला की त्या विदूषकाच्या कपड्यांत चालत परत यायचा, मान वर ठेवून.

लुडेलच्या मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तिचं आणि कोरिनचं बोलणं ऐकलं होतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने वरच्या रांगेला. तिसऱ्या खेपेला तो बाद झाला तेव्हा हसायला फारसं कोणी उरलं नव्हतं. आठव्या डावात तो परत आला, बरोबरीत सामना, तिसऱ्या तळावर आपला धावपटू. तोवर पहिल्या तळाच्या बाजूने लोक पाय आपटत एकच शब्द म्हणायला लागले होते: मोजा, मोजा, मोजा. हॉलिस डगआउटमधून ओरडत होता, खाली आला तरी मार, काहीही कर पण मार. आणि खरं सांगायचं तर, मारला असता तर चेंडू कुठेतरी गेलाही असता, धाव मिळाली असती, कदाचित नावही यादीतून निघालं असतं. लुडेललाही क्षणभर वाटलं, मार रे बाबा.

त्याने नाही मारला. तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणि शेवटचा चेंडू गुडघ्याच्या चांगला खालून गेला. पंच म्हणाला, बॉल. येरलिनने बॅट हळूच खाली ठेवली. कॅचरचा हात डोक्यावर गेला. फलकावर चेंडू रेघेला चिकटला, आणि पंचाने कमरेचा माइक चालू करून सगळ्यांना सांगितलं, निर्णय बदलला आहे, स्ट्राइक, फलंदाज बाद. ते सांगताना त्याचा आवाज पडलेला होता.

चार वेळा खेळायला येऊन चार वेळा बाद, एकदाही बॅट न हलवता. आणि टॅलो लेकचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लुडेलही उभी राहिली, कोणाला दिसू न देता रडत. एकही वाईट चेंडू मारला नाही पोराने, म्हणाली ती, एकही नाही. कोरिन मॅब्रीने सामनाभर वहीत काही लिहिलं नव्हतं, नुसती त्या गुडघ्याकडे बघत होती.

सामना साडेचारला संपला. पाच वाजता शिवणखोलीत येरलिन, हॉलिस, प्रेस्टन आणि कोरिन एवढे सगळे घामेजून उभे होते. कोरिनने स्वतः टेप धरला. पोराला बूट, मोजे काढायला लावले, टाचा दाराला लावल्या. मग तिने आकडा मोठ्याने वाचला आणि हॉलिसकडे वळून म्हणाली, "हा राहतोय. यादीतून नाव काढ." हॉलिसने मान हलवली. त्याचं तोंड उतरलेलं होतं, आणि बरं झालं उतरलं ते.

मग तिने प्रेस्टनला विचारलं, मार्चनंतर आलेले, जुन्या आकड्यावर खेळलेले, असे अजून कितीजण आहेत. प्रेस्टनने स्टुलावर बसून मांडीवर संगणक घेतला. सहाजण निघाले. तो एकेक नाव वाचत गेला, आणि चौथ्या नावाला अडखळला. हेरोनिमो पोलांको. त्याला जूनच्या मध्यात घरी पाठवलं होतं. कारण लिहिलं होतं: नजर कच्ची.

लुडेल भिंतीजवळ गेली, चष्मा लावला, पान शोधलं.

"नऊ मे," ती म्हणाली. "दुमड दीड इंच सोडली. मीच सोडली. त्याच्याशी गप्पा मारत सोडली आणि मला वाटलं, कापडच आहे."

कोरिन मवाळपणे म्हणाली की ही बाब गंभीर आहे, ती स्वतः लक्ष घालेल, पण ह्याची एक पद्धत असते, सोमवारी वकिलांशी बोलून मगच काय ते कळवावं लागेल.

लुडेलने शिवणयंत्रासमोरची खुर्ची उचलली, दाराला लावली आणि तिच्यावर बसली. खोलीला दुसरं दार नव्हतं.

"त्याला काढलं तेव्हा पद्धतीला दोन मिनिटं लागली होती. त्या तिथे, फळीजवळ उभा होता तो, आणि मी त्याची पिशवी भरून दिली. त्याला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर. यंत्राचं नाव सांगायचं नाही. आम्ही चुकलो म्हणायचं."

हॉलिस म्हणाला, मिस लुडेल, उद्या तुम्हालाही इथून जावं लागेल हं.

"मग उद्या जाईन. आज बसलेय."

कोरिन तिच्याकडे बघत राहिली. मग प्रेस्टनकडे, मग त्या आखूड पँटमधल्या पोराकडे. तिने फोन काढला आणि नंबर विचारला. तो क्लबच्या फाइलीत नव्हता, येरलिनला पाठ होता. फोन बराच वेळ वाजला. कोणीतरी उचलला, मागे कसल्यातरी हातोड्याचे आवाज. कोरिनने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, आमची चूक झाली. तिचं स्पॅनिश तेवढ्यावरच संपलं, तशी तिने फोन येरलिनच्या हातात दिला.

"हेरो," येरलिन म्हणाला, "मी बोलतोय. बूट काढ आणि भिंतीला पाठ लावून उभा राहा. वाकू नकोस. कोणाला तरी म्हणावं, टेप घेऊन ये."